पेटी कोणी उचलली?

मतांवर डल्ला मारायचा तर ती चोरावीच लागतात असं नाही, मोजायला नकार दिला तरी पुरतं. अमेरिकेतल्या मतमोजणीचा इतिहास वाचताना मला हे पहिल्यांदा जाणवलं ते १७९२ सालच्या न्यूयॉर्कमध्ये.

गव्हर्नरपदासाठी जॉर्ज क्लिंटन विरुद्ध जॉन जे अशी लढत होती. प्रत्येक काउंटीच्या शेरीफने मतपेटी राज्याच्या सचिवाकडे पोचवायची आणि विधिमंडळाच्या समितीने मतं मोजायची, असा कायदा. ऑट्सिगो काउंटीत जे यांचा जोर होता. तिथल्या शेरीफची मुदत संपलेली, नव्याची शपथ व्हायची होती, म्हणून पेटी जुन्यानेच पाठवली. टायोगाची पेटी आणणारा वाटेत आजारी पडला, ती दुसऱ्याने आणली. क्लिंटन काउंटीची (हो, नाव त्याच क्लिंटनवरून) पेटी आणणाऱ्याकडे लेखी नेमणूक नव्हती. समितीत क्लिंटनच्या माणसांचं बहुमत. तिन्ही काउंट्यांची मतं बाद झाली आणि क्लिंटन १०८ मतांनी जिंकले. मतदारांची चूक काय? काहीच नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात तिथली न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगत राहिली: मतमोजणी मंडळाने बेरीज करायची, न्यायनिवाडा नाही. तक्रार असेल तर कोर्टात जा.

आपल्याकडे निकाल जाहीर करतो तो सरकारी अधिकारी. मिशिगनमध्ये मात्र काउंटीच्या मंडळात चौघं असतात, दोन्ही मोठ्या पक्षांचे दोन-दोन. १७ नोव्हेंबर २०२० ला डेट्रॉइट शहर ज्या वेन काउंटीत येतं, तिथे हे मंडळ २-२ असं अडलं. कारण काय, तर काही केंद्रांवर मतपत्रिका आणि यादीतली नावं थोडीफार जुळत नव्हती. राज्यात बायडन दीड लाखाहून जास्त मतांनी पुढे होते! नागरिक ऑनलाइन सभेत तासन्‌तास बोलले, आणि त्याच रात्री चौघांनी निकाल मंजूर केला. लोक बोलले नसते तर, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

२०२२ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी राज्यघटनाच दुरुस्त केली. निकाल प्रमाणित करणं हे कारकुनी कर्तव्य, त्यात मंडळाला मर्जी नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं. चौघांची, पक्षांनी सुचवलेल्या माणसांची रचना मात्र तशीच ठेवली, आणि मला खोट दिसते ती इथेच.

मे २०२४ मध्ये डेल्टा काउंटीत तीन लोकप्रतिनिधींना परत बोलावण्याची निवडणूक झाली. मंडळ पुन्हा २-२. या वेळी राज्याकडून इशाऱ्याचं पत्र गेलं, आणि काही दिवसांत निकालावर सह्या झाल्या.