आयर्नमॅन ७०.३ : तलावात पोहता येतं, पण समुद्राचं काय? हौशी ट्रायथलीटची तयारी कुठे कमी पडते?

स्विमिंग पूलमध्ये न थांबता ७६ फेऱ्या मारणारा माणूस समुद्रात दोनशे मीटरवर हात वर करून मदत मागतो, यात ट्रायथलॉनवाल्यांना काही नवल वाटत नाही. त्याचा दम संपलेला नसतो, श्वास बिघडलेला असतो. पायाखाली फरशी नाही, तळाशी रेघ नाही, धरायला कठडा नाही आणि चहूबाजूंनी अनोळखी हातपाय. छातीत धडधड सुरू झाली की आठ महिन्यांची मेहनत दहा मिनिटांत पाण्यात जाते.

२०१९ मध्ये गोव्यात आयर्नमॅन ७०.३ सुरू झाली आणि पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरच्या नोकरदार हौशी मंडळींना ही शर्यत एका रात्रीच्या प्रवासावर आली. त्याआधी यासाठी परदेश गाठावा लागे. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये पन्नाशीत पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत संपवली, ती झ्युरिकमध्ये.

७०.३ म्हणजे नक्की काय?

हे मैल आहेत. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं, म्हणजे एकूण ११३ किलोमीटर. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असते. १९७८ मध्ये हवाई बेटांवर पहिली आयर्नमॅन झाली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली.

७०.३ साठी साधारण साडेआठ तास मिळतात. त्यात पोहण्याचा कटऑफ ७० मिनिटांचा. आकडे भीतीदायक वाटतात, पण हिशेब मांडला तर चित्र बदलतं. समजा पोहायला ५० मिनिटं लागली. सायकल ताशी २४ किलोमीटरने चालवली, तर ३ तास ४५ मिनिटं. धावणं आणि चालणं मिळून ३ तास. कपडे-बूट बदलण्याच्या दोन थांब्यांना, म्हणजे ट्रान्झिशनला, दहा-दहा मिनिटं. बेरीज होते ७ तास ५५ मिनिटं. यातला एकही वेग अचाट नाही. अडचण वेगाची नसून तिन्ही गोष्टी एकामागून एक, उन्हात, पोट न बिघडता करण्याची आहे.

सगळ्यात मोठी परीक्षा पहिल्या तासात

पोहण्याचा टप्पा सगळ्यात छोटा, पण धोका तिथेच जास्त. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमध्ये १९८५ ते २०१६ या काळात झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना अशा एकूण १३५ प्रकरणांचा अभ्यास झाला आहे. त्यातली ९० प्रकरणं पोहताना घडली होती. बहुसंख्य पुरुष होते आणि त्यांचं सरासरी वय सेहेचाळिशीच्या पुढे होतं. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी नोंदणीचे पैसे भरण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. महागड्या सायकलवर लाखभर रुपये घालणारी मंडळी नेमकी या खर्चाला कंटाळतात.

परदेशी वेबसाइटवरचे ट्रेनिंग प्लॅन इथे अर्धेच लागू पडतात. थंड पाण्यात वेटसूट घालून पोहतात आणि तो सूट अंगाला तरंगायला मदत करतो. गोव्याचं पाणी इतकं कोमट असतं की नियमाप्रमाणे वेटसूट चालतच नाही. तरंगायचं ते स्वतःच्या अंगावर.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, म्हणजे तयारीचे मुख्य चार महिने ऐन पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरणं जिवावर बेतू शकतं. त्यामुळे समुद्राची पहिली ओळख मे महिन्याआधीच करून घ्यावी लागते, आणि दसऱ्याच्या आसपास पुन्हा दोन-तीन वेळा, तेही अनुभवी गटासोबत. समुद्रात एकट्याने कधीच उतरू नये.

मधल्या काळात तलावातच समुद्राची सवय करता येते. एका लेनमध्ये तिघांनी शेजारी-शेजारी पोहायचं, म्हणजे धक्के लागतात. टोकाला भिंतीला हात न लावता वळायचं. दर आठ-दहा हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून समोर बघायचं, कारण समुद्रात दिशा चुकली की १.९ किलोमीटरचे सव्वादोन होतात.

आणि तरीही शर्यतीत घाबरायला झालंच तर? पाठीवर वळून तरंगायचं, श्वास लांब सोडायचा. बचावाच्या कयाकला धरून थांबणं नियमात बसतं, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकता येत नाही. अनेक नवख्यांना हे माहीत नसतं. कयाकला हात लावला की बाद, असं समजून ते तसेच धापा टाकत राहतात. सुरुवातीला गर्दीच्या मागे, कडेला उभं राहिलं की निम्मे धक्के असेही टळतात.

सायकलवर हात आखडता

आपल्याकडचे सायकल ग्रुप एकामागे एक, चाकाला चाक लावून चालतात. पुढचा वारा कापतो, मागच्याला ताशी ३० चा वेग फुकटात मिळतो. शर्यतीत पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, जवळ राहिल्यास दंड म्हणून वेळ जातो. रविवारच्या राइडचा वेग शर्यतीचा धरला की हिशेब फसतो तो इथे. आठवड्यातली एक मोठी राइड तरी एकट्याने करावी. पावसात होम ट्रेनर आहेच.

सरावाचा बहुतेक भाग पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या संथ गतीत हवा. नोकरी सांभाळून आठवड्याला आठ-दहा तास मिळाले तरी पुरतात. पण रोज जीव तोडून पळणाऱ्याचा गुडघा गणपतीपर्यंतही टिकत नाही. दर चौथा आठवडा हलका ठेवावा. सायकलवरून उतरून लगेच २० मिनिटं धावण्याचा सराव, ज्याला ब्रिक वर्कआउट म्हणतात, आठवड्यातून एकदा पुरतो. सुरुवातीला पाय लाकडाचे वाटतात, मग मोकळे होतात, हे शरीराला आधी कळलेलं बरं.

खाणं सायकलवरच उरकावं लागतं, धावताना पोट फारसं स्वीकारत नाही. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं हे चालणारं गणित. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. जेल परवडत नसतील तर खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा चालतो. फक्त शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ नको, एक्स्पोमध्ये फुकट मिळालेला तर मुळीच नको. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतं आणि मीठ जातं. अशा वेळी नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. वेदनाशामक गोळी घेऊन धावणं हेही मूत्रपिंडाला महागात पडतं.

धावायला निघेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हळू, प्रत्येक पाण्याच्या टेबलाशी चालायचं, टोपीत बर्फ टाकायचा. असं ठरवून चालणारे शेवटच्या टप्प्यात पळत सुटलेल्यांना गाठतात.

ज्यांना समुद्राची भीती अजून गेलेली नाही, त्यांनी घाई करू नये. कोल्हापूरच्या बर्गमन स्पर्धेत पोहणं राजाराम तलावात असतं, तिथे लाटा नसतात. शिवाय ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं अशी स्प्रिंट ट्रायथलॉनही असते. तिच्यासाठी तीन-चार महिने आणि साधी गिअरची सायकल पुरते. हेल्मेट मात्र तिथेही सक्तीचं आहे, आणि पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरून सायकल काढली तर दंड तिथेही होतो.