जलपंप, मोटारगाडीचा : शीतकद्रवाची गळती, तिचे निदान व पंपाची बदली

मोटारगाडीच्या एंजिनातील उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेणारा शीतकद्रव सतत फिरता ठेवणारे, बहुधा एंजिनाच्याच पट्ट्यावर चालणारे केंद्रोत्सारी यंत्र म्हणजे जलपंप. पेट्रोलच्या ज्वलनातून जी उष्णता उत्पन्न होते तिचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग धुराबरोबर बाहेर पडतो, जवळजवळ तितकाच भाग सिलिंडरच्या भिंतींतून शीतकद्रवात उतरतो, आणि जे उरते त्यातूनच गाडी चालविण्याचे कार्य साधते. सिलिंडरातील वायूंचे तापमान ज्वलनाच्या क्षणी 2,000° से.च्या वर जात असता, ज्याचा वितळबिंदू 660° से. आहे अशा ॲल्युमिनियमचे हेड वर्षानुवर्षे शाबूत राहते, याचे श्रेय मुख्यत्वेकरून या फिरत्या द्रवाला आहे. तो आटला अथवा फिरेनासा झाला, तर हेड वाकण्यास घाटातली काही मिनिटेही पुरतात.

प्रारंभीच्या गाड्यांत पाणी केवळ उकळून जाऊ द्यावे व वरून नवे ओतावे अशी रीत होती. विल्हेल्म मायबाख यांनी 1900–01 मधील मर्सिडीज 35 अश्वशक्तीच्या गाडीसाठी 8,070 बारीक नळ्यांचा जाळीदार रेडिएटर सिद्ध केला, तेव्हा केवळ 9 लिटर पाण्यावर एंजिन थंड राखता आले. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला आरंभी पंप होता. पहिल्या सुमारे 2,500 गाड्यांनंतर तो काढून टाकून, गरम पाणी वर चढते व थंड खाली उतरते या नैसर्गिक अभिसरणावरच भिस्त ठेवण्यात आली. एंजिनांची शक्ती वाढत गेली तशी ही भिस्त अपुरी ठरली आणि पंप सार्वत्रिक झाला. ॲम्बॅसडरसारख्या गाड्यांत रेडिएटरचा पंखाही या पंपाच्याच पुलीवर बसविलेला असे, त्यामुळे फॅन बेल्ट तुटला की वारा आणि पाणी दोन्ही एकदमच थांबत. पुढे पंखा विजेवर गेला, आणि 2009 च्या टोयोटा प्रियससारख्या गाड्यांत तर पंपालाही पट्ट्याऐवजी विद्युत् मोटर मिळाली.

पंपाची रचना साधी आहे. बिडाच्या अथवा ॲल्युमिनियमच्या कवचातून एक दांडा आरपार जातो; त्याच्या बाहेरच्या टोकाला पुली, आतल्या टोकाला वक्र पात्यांचे चक्र, आणि मध्ये बेअरिंग व सील. सीलमधील कार्बन आणि सिरॅमिक यांच्या दोन गुळगुळीत चकत्या स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींवर फिरत राहतात आणि त्यांच्यामधला शीतकद्रवाचा अतिसूक्ष्म थरच त्यांना वंगण पुरवितो. सील आणि बेअरिंग यांच्या दरम्यान कवचाच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. सील हार मानू लागले म्हणजे द्रव बेअरिंगमध्ये शिरून त्यातील ग्रीस धुऊन नेण्यापूर्वी या पाझरछिद्रातून बाहेर पडावा, ही त्यामागील योजना होय. निदान करणाऱ्याच्या दृष्टीने संपूर्ण पंपावर याहून मोलाची जागा नाही, आणि ते छिद्र ‘गळते’ म्हणून सिलिकॉनने बुजविणाऱ्या मिस्त्रीच्या हाती गाडी पुन्हा देऊ नये.

पंप अकाली निकामी होण्याची कारणे बहुधा बाहेरची असतात. पट्टा गरजेपेक्षा अधिक ताणला तर बेअरिंगवर एकांगी भार येतो. दख्खनच्या पठारावरील विंधनविहिरींचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेले तर चुन्याचे कण सीलच्या चकत्यांवर ओरखडे पाडतात. आणि भिन्न रसायनांची दोन शीतकद्रव्ये एकत्र केली तर त्यांतील गंजरोधके परस्परांना निष्प्रभ करतात, प्रसंगी त्यांचा चिकट गाळही बनतो. रंगावरून द्रवाची जात ठरविण्याचा शिरस्ता सर्वत्र असला तरी तो विश्वासार्ह नाही. हिरवा, गुलाबी वा नारिंगी हा केवळ उत्पादकाने घातलेला रंग असतो, आणि गाडीच्या पुस्तिकेतील तपशील हाच खरा आधार.

शीतकद्रव कमी होत आहे एवढ्यावरून पंप बदलणे ही गॅरेजमधील सर्वांत सामान्य व सर्वांत महागडी घाई होय. गळती रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीतून, होज पाइपच्या क्लिपेखालून, थर्मोस्टॅटच्या पॅकिंगमधून, हीटरच्या कोअरमधून किंवा हेड गॅस्केटमधून, अशा कितीतरी ठिकाणांहून होऊ शकते; शिवाय ती जेथे दिसते तेथेच तिचा उगम असतो असे नाही, कारण वेगाने फिरणारा पट्टा पंपातून निघालेला द्रव दूरवर उडवितो आणि चालत्या गाडीचा वारा त्यास मागे ढकलतो. म्हणून तपास नेहमी ओलाव्याच्या सर्वांत वरच्या खुणेपासून सुरू करावा. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवला तर सकाळी डागाचे स्थान आणि रंग दोन्ही हाती येतात. वातानुकूलन यंत्रातून टपकणारे पाणी रंगहीन व वासरहित असते, तर शीतकद्रव बोटांना किंचित बुळबुळीत लागतो व त्याला गोडसर वास येतो.

एंजिन पूर्ण थंड झाल्यावर, बॅटरीवर चालणारा दिवा आणि छोटा आरसा घेऊन पंपाच्या खालच्या अंगाला पाहावे. पाझरछिद्राभोवती फिकट, कोरडा, जुना डाग असेल तर त्याने घाबरण्याचे कारण नाही. नव्या सीलच्या चकत्या एकमेकींवर बसेपर्यंत थोडा द्रव सुटतोच. पण छिद्रापासून खाली ओघळत गेलेला रंगीत, खरबरीत थर दिसला, त्यावर बोट फिरविताच ओल लागली, आणि पुसून कोरडे केलेल्या जागी दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब धरला, तर सील गेले याविषयी संशय उरत नाही. त्याच वेळी पट्टा सैल करून पुली वरखाली धरून हलवून पाहावी. हाताला जाणवेल इतका खेळ असेल किंवा फिरविताना घरघर येत असेल तर बेअरिंगही संपले आहे. पंप मुळीच न गळता निकामी होण्याचा प्रकारही घडतो : आतील पाती गंजून झिजतात, अथवा प्लॅस्टिकचे चक्र दांड्यावर सैल होऊन नुसते घसरू लागते, आणि मग द्रवाची पातळी पुरी असूनही तापमानाचा काटा चढत जातो. अशा वेळी थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला नाही ना, याची खात्री आधी करून घ्यावी. तो सामान्यतः 82° ते 88° से.च्या सुमारास उघडू लागतो.

नजरेला उगम सापडला नाही तर दाबपरीक्षा करावी. रेडिएटरच्या टोपणाच्या जागी हातपंप बसवून टोपणावर छापलेल्या दाबाइतकाच, म्हणजे बहुधा 0.9 ते 1.1 बार, दाब द्यावा आणि दहा-पंधरा मिनिटे काट्यावर लक्ष ठेवावे. काटा उतरत असेल आणि बाहेर कोठेही थेंब नसेल, तर चालकाच्या शेजारच्या आसनासमोरील चटई दाबून पाहावी. ती ओली असेल व काचेवर आतून चिकट धुके धरत असेल, तर हीटरचा कोअर फुटला आहे. चटईही कोरडी असेल तर हेड गॅस्केटचा संशय येतो. त्याची रुजुवात रेडिएटरच्या तोंडाशी धरलेल्या निळ्या द्रावणाने होते : पेट्रोल एंजिनातील ज्वलनवायू शीतकद्रवात मिसळत असतील तर त्या द्रावणातून बुडबुडे जाताच निळा रंग पिवळा पडतो. तेलाच्या डिपस्टिकवर दुधाळ थर येणे ही याच रोगाची पुढची पायरी.

हे सारे थंड एंजिनावरच करावयाचे, याची कारणमीमांसा टोपणातच आहे. महाबळेश्वरच्या सुमारे 1,370 मीटर उंचीवर शुद्ध पाणी 95° से.च्या आसपासच उकळते. पण टोपणाने 1 बारचा जादा दाब राखला की समुद्रसपाटीला तेच पाणी सुमारे 120° से.पर्यंत द्रवरूप राहते, आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल मिसळल्यास ही मर्यादा 129° से.च्या घरात जाते. गरम एंजिनाचे टोपण उघडले तर तो दाब क्षणात नाहीसा होऊन सारा द्रव वाफ होत उसळतो आणि चेहरा व हात भाजतात. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाडीत घाईने थंड पाणी ओतणे तितकेच घातक, कारण तापलेल्या धातूला त्या धक्क्याने तडा जातो. गाडी बंद करून पुरेसा वेळ थांबणे एवढाच तेथे इलाज आहे.

पंप बदलण्यापूर्वी तो कोणत्या पट्ट्यावर चालतो हे पाहणे अगत्याचे आहे, कारण सारे श्रम व सारा खर्च त्यावर अवलंबून असतात. बाहेरच्या पट्ट्यावर चालणारा पंप तुलनेने सुखाने निघतो. पण नाशिकला तयार झालेल्या महिंद्र-रेनो लोगनच्या 1.5 लिटर डीझेल एंजिनासारख्या अनेक एंजिनांत तो टायमिंग बेल्टवर चालतो; तेथे पहिला सिलिंडर वरच्या बिंदूवर आणून क्रँक आणि कॅम यांच्या खुणा जुळविल्यावाचून पट्ट्याला हात लावू नये, कारण पट्टा एक-दोन दात जरी सरकला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची टक्कर होऊ शकते. अशा एंजिनांत टायमिंग बेल्ट, ताणपुली व पंप एकाच वेळी बदलावे. नवा पंप जुन्या पट्ट्याखाली अथवा जुना पंप नव्या पट्ट्याखाली ठेवणे म्हणजे तीच मजुरी पुन्हा भरण्याची तजवीज होय.

बॅटरीची ऋण तार सोडावी, रेडिएटरच्या तळाची तोटी किंवा खालचा होज काढून द्रव स्वच्छ भांड्यात उतरवून घ्यावा आणि पट्टा ढिला करण्यापूर्वीच पुलीचे बोल्ट सैल करावेत, कारण नंतर पुली हाती धरवत नाही. पंपाचे बोल्ट पुष्कळदा निरनिराळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवला तर लांब बोल्ट आखूड भोकात घुसवून ब्लॉक फोडण्याचा प्रसंग येत नाही. पंप पॅकिंगला चिकटला असेल तर लाकडी हातोडीने हलके ठोके द्यावेत, फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नये. यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत निर्णायक आहे : ब्लॉकवरील जुन्या पॅकिंगचा कण न् कण प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढणे. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर पोलादी पात्याने पडलेला एक ओरखडाही नव्या गळतीला वाट देतो. जेथे रबरी कडे असेल तेथे सिलिकॉन लावू नये. जेथे सिलिकॉनच सांगितले असेल तेथे त्याची बारीक, अखंड रेघ पुरते, कारण आत दाबला गेलेला जादा भाग सुटून रेडिएटरच्या नळ्या बुजवितो. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत, 6 मि.मी. व्यासाच्या बोल्टला सुमारे 10, तर 8 मि.मी.च्या बोल्टला 20 ते 25 न्यूटन-मीटर इतका पीळ सामान्यतः पुरतो. उत्पादकाचा आकडा उपलब्ध असेल तर तोच अंतिम मानावा.

नवा द्रव भरताना ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. हीटर गरमवर ठेवून, टोपण काढलेल्या स्थितीत थंड एंजिन सुरू करावे. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बुडबुडे येत राहतात व पातळी उतरत जाते, तसतशी भर घालावी. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास त्यातून अखंड धार येईपर्यंत तो उघडा ठेवावा. टोपण लावल्यावर विजेचा पंखा एकदा सुरू होऊन आपोआप बंद झाला आणि हीटरमधून स्थिर गरम हवा आली की अभिसरण पूर्ववत झाले असे समजावे. गाडी रात्रभर थंड होऊ देऊन पातळीची फेरतपासणी करावी आणि नंतरचे काही दिवस पाझरछिद्रावर नजर ठेवावी.

उतरविलेला जुना द्रव गटारात वा अंगणात ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असल्यामुळे कुत्री तो चाटतात, आणि शरीरात त्यापासून बनणारे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडे निकामी करतात. मुलांच्या बाबतीतही धोका तोच आहे. झाकणबंद डब्यात, वर स्पष्ट चिठ्ठी लावून, तो टाकाऊ तेल व रसायने स्वीकारणाऱ्या ठिकाणी सोपवावा, आणि जमिनीवर सांडलेले थेंब लगेच भुशाने टिपून ती जागा भरपूर पाण्याने धुवावी.