निनावी रुग्णाचे पत्र : लंडन, १७७२

एप्रिल १७७२. लंडनमधील नामांकित वैद्य डॉ. विल्यम हेबर्डन यांच्या हाती एक पत्र आले. लिहिणाऱ्याने आपले वय ५२ सांगितले होते, छातीच्या दुखण्याचे बारकाईने वर्णन केले होते. नाव मात्र लिहिले नव्हते. पत्रात एक विलक्षण तजवीज होती. आपल्याला अकस्मात मृत्यू आला, तर ती वार्ता हेबर्डन यांना कळवावी आणि देह उघडून मृत्यूचे कारण शोधण्याची त्यांना मुभा असावी, असे त्याने मृत्युपत्रातच नमूद करून ठेवले होते.

यातले धाडस आज सहज लक्षात येत नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये शवविच्छेदन हा फाशी गेलेल्या खुन्याच्या शिक्षेचा भाग होता, तोही कायद्याने. अब्रूदार गृहस्थाने आपणहून देह देऊ करणे सर्वस्वी असामान्य होते.

पत्राला निमित्त घडले हेबर्डन यांच्याच निबंधाचे. २१ जुलै १७६८ रोजी त्यांनी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये छातीच्या एका विकाराविषयी निबंध वाचला होता. तो १७७२ साली छापून आला. चालताना, विशेषतः चढणीवर आणि जेवणानंतर, छातीत असह्य आवळल्यासारखे होते, जीव जातो की काय असे वाटते. थांबताच सारे शमते. या विकाराला त्यांनी ‘अंजायना पेक्टोरिस’ हे लॅटिन नाव दिले. गळा आवळला जावा तशी घुसमट जाणवते, म्हणून हे नाव. आरंभी तरी ही धाप नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट केले. लक्षणे इतकी अचूक, की आजच्या डॉक्टरालाही फारसे बदलावे लागणार नाही. कारण मात्र त्यांना उमगले नव्हते. पेटक्यासारखे काही असावे, एवढाच त्यांचा तर्क. (रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापणारा एक रुग्ण जवळजवळ बरा झाला, ही त्यांची नोंद आज वाचताना गंमत वाटते.)

या निबंधाचा गोषवारा त्या गृहस्थाने नियतकालिकात वाचला आणि त्याला आपलेच दुखणे ओळखू आले. तोवर तो त्याला रक्ताभिसरणातील अडथळा किंवा एक प्रकारचा संधिवात समजत असे. त्याने आणखी एका अनुभवाची भर घातली: कधीकधी शरीराचे सारे व्यापार तीन-चार सेकंद थांबल्यासारखे वाटतात आणि मग हृदयाला हिसका बसतो.

तीन आठवडेही लोटले नाहीत, तोच तो गेला. मृत्युपत्राप्रमाणे हेबर्डन यांना निरोप पोहोचला. विच्छेदनाचे काम जॉन हंटर यांच्याकडे गेले. शरीररचनेत त्यांच्या तोडीचा माणूस त्या वेळी लंडनमध्ये क्वचितच असेल. पुढे देवीच्या लशीमुळे जगप्रसिद्ध झालेला एडवर्ड जेन्नर हा त्यांचा तरुण शिष्यही तेथे हजर होता.

महाधमनीत थोड्या अस्थीकरणाच्या खुणा दिसल्या. त्यापलीकडे मृत्यूचे उघड कारण सापडले नाही.

खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या त्या दिवशी तपासल्याच गेल्या नाहीत, असे जेन्नरने पुढे जवळजवळ खात्रीने लिहिले. याला हलगर्जीपणा म्हणणे अन्यायाचे होईल; तेथे पाहावे असे कोणाला सुचण्याचे कारणच नव्हते. तरीही चुटपुट लागते. ज्या उत्तरासाठी एका माणसाने देह ठेवला, ते बहुधा त्याच टेबलावर होते.

जेन्नरला ते पुढे दुसऱ्याच एका शवात दिसले. हृदय आडवे कापताना सुरी कशावर तरी करकरली आणि तिच्या धारेला खाच पडली. जुन्या छताचा गिलावा पडला असावा म्हणून त्याने वर पाहिले. प्रत्यक्षात कोरोनरी धमन्याच कडक होऊन हाडाच्या नळ्यांसारख्या झाल्या होत्या.

येथे खरा पेच उभा राहिला. १७७३ पासून हंटर यांना स्वतःलाच तीव्र झटके येऊ लागले होते आणि १७७७ मध्ये बाथ येथे त्यांना पाहताच जेन्नरने रोग ओळखला. निष्कर्ष प्रसिद्ध करावा, तर गुरूला स्वतःच्या मृत्यूचे कारण वाचावे लागणार. शिवाय उपचार कोणाजवळच नव्हता. गुरू हयात असेतो जेन्नरने काहीच छापले नाही. या मौनाला भित्रेपणा म्हणता येत नाही, पण त्यापायी एक महत्त्वाचे निरीक्षण वर्षानुवर्षे मोजक्या मित्रांपुरते राहिले, हेही खरे.

आपला जीव कोणाही चिडवणाऱ्या माणसाच्या हाती आहे, असे हंटर म्हणत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या बैठकीत वाद झाला. ते शेजारच्या खोलीत गेले आणि कोसळले. त्यांच्या कोरोनरी धमन्यांत अस्थीकरण आढळले. १७९९ साली बाथचे वैद्य केलेब पॅरी यांनी या विकारावरील ग्रंथात जेन्नरच्या निरीक्षणाला त्याचे श्रेय दिले.

त्या निनावी गृहस्थाचे पत्र आणि विच्छेदनाचा वृत्तांत हेबर्डन यांनी १७८५ मध्ये छापला होता. मृत्यूनंतर त्यांना नाव कळलेच असणार. छापील वृत्तांतात ते नाही.