एकाच बाकावर बसण्याचा गुन्हा : बेरिया महाविद्यालयाची कहाणी

१/ १९०४ साली अमेरिकेतील केंटकी राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा केला. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एकाच संस्थेत शिकवणे त्याने गुन्हा ठरवले. दंड एक हजार डॉलर. त्या वेळी राज्यात असे शिक्षण देणारे महाविद्यालय एकच होते : बेरिया. एका लहानशा ख्रिस्ती महाविद्यालयाची शासनाला एवढी धास्ती का वाटावी?

२/ संस्थापक जॉन ग्रेग फी (१८१६-१९०१) हे गुलाम बाळगणाऱ्या कुटुंबात जन्मले. धर्मशिक्षण घेताना गुलामगिरी हे पाप आहे अशी त्यांची खात्री पटली आणि वडिलांनी त्यांना वारसाहक्क नाकारला. कॅशियस क्ले या गुलामगिरीविरोधी जमीनदाराने दिलेल्या जागेवर ते स्थायिक झाले. १८५५ मध्ये तेथे एका खोलीची शाळा सुरू झाली.

३/ सर्व मानव एकाच रक्ताचे आहेत, हे बायबलमधील वचन पुढे संस्थेचे ब्रीद झाले. पण १८५९ च्या ऑक्टोबरात जॉन ब्राऊनने हार्पर्स फेरीवर छापा घातला आणि दक्षिणेत भीतीची लाट उसळली. डिसेंबरमध्ये सशस्त्र जमावाने फी यांच्या सहकाऱ्यांना राज्याबाहेर घालवले. शाळा बंद पडली.

४/ यादवी युद्धात फी कॅम्प नेल्सन येथील कृष्णवर्णीय सैनिकांना शिकवत होते. युद्ध संपताच बेरियाची दारे पुन्हा उघडली. कृष्णवर्णीय मुले वर्गात आली तेव्हा अनेक गोऱ्या विद्यार्थ्यांनी शाळा सोडली. संस्था मात्र मागे हटली नाही. १८६६-६७ मध्ये पटावर १८७ विद्यार्थी होते : ९६ कृष्णवर्णीय, ९१ गोरे.

५/ येथील समता केवळ प्रार्थनेपुरती नव्हती. वर्ग एक, भोजनगृह एक. जुलिया ब्रिटन ही कृष्णवर्णीय तरुणी येथे गोऱ्या विद्यार्थ्यांना वाद्यसंगीत शिकवत असे. गरीब विद्यार्थी अंगमेहनत करून खर्च भागवत. ज्या समाजात कष्ट हे गुलामाच्या वाट्याचे मानले जात, तेथे गोऱ्या मुलाच्या हाती झाडू आला, हीच मोठी क्रांती होती.

६/ १८७३ मध्ये बेरियाच्या पहिल्या पदवीधरांना पदव्या मिळाल्या. त्याच वर्षी महात्मा फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. बेरिया ज्यांनी उभारले, ती माणसे त्याच परंपरेतली.

७/ तडा मात्र आधी आतूनच गेला. १८९२ मध्ये विल्यम गुडेल फ्रॉस्ट अध्यक्ष झाले. त्यांनी ॲपलाचियन डोंगराळ भागातील गरीब गोऱ्यांच्या शिक्षणावर भर दिला आणि देणग्याही त्या नावाने मिळवल्या. कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांना हा बदल खुपला. विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णवर्णीयांचे प्रमाण पाचव्या हिश्श्याहूनही कमी झाले होते.

८/ मग आमदार कार्ल डे यांचा कायदा आला. कृष्णवर्णीयांना शिकवण्यास त्यात मनाई नव्हती. त्यांच्यासाठी वेगळी शाखा काढता येत होती. मात्र ती किमान २५ मैल दूर हवी! त्या अंतरातच कायद्याचे मर्म आहे. आक्षेप शिक्षणावर नव्हता, सहवासावर होता.

९/ बेरिया न्यायालयात लढले आणि हरले. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, संस्थेला सनद राज्याने दिली आहे, म्हणून त्या सनदेत बदलही राज्य करू शकते. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले. ते स्वतः केंटकीचे, गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातले. १८९६ च्या प्लेसी खटल्यातही विरोधात उभे राहिलेले ते एकटेच न्यायमूर्ती होते.

१०/ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना फिस्क विद्यापीठासारख्या अन्य संस्थांत शिकण्यासाठी बेरियाने आर्थिक साहाय्य दिले. १९१२ मध्ये त्यांच्यासाठी लिंकन इन्स्टिट्यूट सुरू झाले. संस्था वाचली, विद्यार्थ्यांची सोयही झाली; पण एकत्र जगणे संपले. बेरिया केवळ गोऱ्यांचे महाविद्यालय उरले.

११/ दार बंद होण्याच्या एकच वर्ष आधी, १९०३ मध्ये, येथून एक तरुण पदवीधर झाला. आईवडील एकेकाळचे गुलाम. स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेला. त्याचे नाव कार्टर वुडसन. १९२६ मध्ये त्यांनी ‘नीग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला. आज फेब्रुवारीत अमेरिकेत पाळला जाणारा कृष्णवर्णीय इतिहास महिना त्यातूनच वाढला.

१२/ १९५० मध्ये कायदा शिथिल झाला आणि बेरियाने कृष्णवर्णीयांना पुन्हा प्रवेश दिला. मध्ये ४६ वर्षे गेली होती. आजही तेथे शिक्षणशुल्क आकारले जात नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला काम करावे लागते.

१३/ विद्यार्थिजीवन हा इतिहासातील किरकोळ विषय समजला जातो. केंटकीच्या विधिमंडळाने तो तसा समजला नाही. एका बाकावर बसणारी, एका पंगतीत जेवणारी मुले पुढे जुनी उतरंड मानणार नाहीत, हे त्याने नेमके ओळखले होते. बेरियाचे मोल त्याच्या चाहत्यांइतकेच त्याच्या विरोधकांनाही कळले होते.