अपस्मार, विस्मरण आणि रत्नागिरीची वाट



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने वसंत व्याख्यानमालेत वैद्यकाच्या इतिहासावर बोलावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. मलाही वाटले. मी डॉक्टर नव्हे. माझे शाळेतले शिक्षण दहावीच्या आत संपले, आणि पुढे जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर नाही तर एस.टी.च्या प्रवासात. पण आमच्या कचेरीत माणसे केवळ पगाराचे गाऱ्हाणे घेऊन येतात असे नाही. फंडाचा अर्ज, विम्याचा कागद, वारसाचा दाखला, आणि त्या कागदांच्या पाठोपाठ घरातले आजारपण, असे सारे त्या एका टेबलावर येऊन पडते.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या वडिलांना घेऊन आले. वडिलांनी उभा जन्म रापणीवर घालविलेला, वय सत्तरीच्या पुढे. पेन्शनच्या अर्जावर सही घ्यावयाची होती. बोलता बोलता म्हातारबाबा मध्येच थांबले. नजर एका जागी खिळली, ओठ काही चघळल्यासारखे हलू लागले, उजवा हात सदऱ्याची गुंडी चाचपीत राहिला. दीड-दोन मिनिटे असे चालले. मग त्यांनी मला विचारले, ‘‘मी खंय असंय?’’ मुलगा ओशाळला. वर्षापूर्वी वडिलांना झोपेत दोनदा मोठी आकडी आली होती, आणि तेव्हापासून त्यांचा विसराळूपणा वाढतच गेला, असे त्याने सांगितले. मग तो म्हणाला, ‘‘आधी फेफरा इला, मगे इसराक लागले. ह्ये दोन रोग की एकच?’’

मला उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या उत्तराच्या शोधात जे हाती लागले त्याचा हिशेब आहे.

पहिली गंमत नावातच सापडली. स्मार म्हणजे स्मरण. ते दूर जाणे म्हणजे अपस्मार. आपण फेफरे म्हणतो, आकडी म्हणतो, मिरगी म्हणतो. ग्रीकांनी ठेवलेल्या नावात कोणीतरी बाहेरून येऊन पकडल्याचा अर्थ आहे. आमच्या वैद्यांना मात्र पडणे, आखडणे, तोंडाला फेस येणे यांपेक्षा स्मृतीचा लोप हीच मुख्य खूण वाटली. चरकसंहितेत निदानस्थानात व चिकित्सास्थानात या रोगाला स्वतंत्र अध्याय आहे, सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही आहे. नटराजाच्या पायाखाली जो बुटका दडपलेला दिसतो त्याचे नावही अपस्मारच. तो अज्ञानाचे प्रतीक मानला जातो.

एवढ्यावरून आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. जुने वैद्य बोलतात ते झटक्याच्या वेळी हरपणाऱ्या भानाविषयी. वर्षानुवर्षे हळूहळू झिजणारी स्मृती ही निराळी गोष्ट आहे, आणि या दोहोंचा सांधा कोठे आहे हाच तर प्रश्न आहे.

सुमारे २,४०० वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रीक ग्रंथाने स्वच्छ सांगितले, की हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे. आपल्याकडे अजूनही कांदा हुंगवितात, हातात किल्ल्या कोंबतात, नाकाशी चप्पल धरतात. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय कांद्याला जाते. भोंगा वाजविणाऱ्याने आपणच दिवस मावळविला असे सांगण्यासारखाच हा प्रकार.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते, आणि रत्नागिरीस १८८६ पासून वेड्यांचे इस्पितळ आहे. आमच्या लहानपणी कोणी वेडेवाकडे बोलला की ‘‘ह्येका रत्नागिरीक धाडूक होयो’’ असे चिडवीत. त्या थट्टेमागे खरी वाट होती. १८५८ च्या कायद्याने मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावरून माणसाला वेड्यांच्या इस्पितळात पाठविता येत असे. १९१२ च्या कायद्याने नियम बदलले, पण वाट तीच राहिली. मुंबई इलाख्यातील अशा इस्पितळांचे वार्षिक अहवाल निघत. त्यांत वेडाच्या कारणांचे कोष्टक असे: गांजा, दारू, ताप, दुःख, आणि त्याच रांगेत अपस्मार. ज्याला महिन्यातून एकदा झटका येई आणि एरवी जो नांगर धरी, तोही घरच्यांनी टाकला तर याच वहीत नोंदला जाण्याची भीती होती.

हा रकाना येथल्या साहेबाने शोधून काढलेला नव्हता. १८२५ साली पॅरिसमध्ये बूशे आणि काझोव्हिएल या दोन डॉक्टरांनी अपस्मार आणि वेड यांच्या संबंधावर निबंध लिहिला. मृत रुग्णांचे मेंदू उघडून पाहताना त्यांना काहींच्या मेंदूत एक विशिष्ट भाग कठीण झालेला आढळला. त्याची गोष्ट पुढे येईल. पण त्यांनी पाहिलेली माणसे इस्पितळातली होती, आणि तेथेच शंभर वर्षांची एक चूक दडली आहे. आमच्या कचेरीत ज्याचा पगार कापला गेला तोच येतो. उद्या मी टेबलाशी बसून म्हटले की जगातील प्रत्येक कामगाराचा पगार कापलेला आहे, तर तुम्ही हसाल. ज्यांना झटके येत होते पण जे घरी संसार करीत होते, शेती करीत होते, त्यांना मोजावयास कोणी गेलेच नाही.

शिवाय औषधाचा घोटाळा होता. १८५७ साली लंडनच्या चार्ल्स लोकॉकने ब्रोमाइडचा उपयोग सांगितला, आणि अपस्मारावर खरोखर काम करणारे पहिले औषध मिळाले. पण मात्रा अंगात साचली की ब्रोमाइडनेच माणूस सुस्त, गोंधळलेला, विसराळू होई. मग रोगाने बुद्धी गेली म्हणावे की औषधाने? १९१२ साली फेनोबार्बिटल आले, १९३८ साली फेनिटोइन. आज योग्य औषधाने १०० पैकी सुमारे ७० जणांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या रत्नागिरीच्या वहीतील माणसांच्या वाट्याला हे आले नाही.

आता तो कठीण झालेला भाग. मेंदूत दोन्ही बाजूंना, कानशिलाच्या आत खोलवर एक वळणदार पट्टी आहे. तिला शास्त्रज्ञांनी समुद्रघोड्याचे नाव दिले, कारण ती दिसतेच तशी. समुद्रघोडा आपल्याला सांगावयास नको, जाळ्यात अधूनमधून सापडतो. (तो पकडण्यास आता कायद्याने बंदी आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.) १८८० साली जर्मनीत सोमर याने दाखविले, की अपस्माराच्या पुष्कळ रुग्णांत या समुद्रघोड्याच्या एका ठरावीक भागातील पेशी मेलेल्या असतात. पण हा समुद्रघोडा काम काय करतो, हे कोणालाच नीट कळलेले नव्हते.

ते कळले एका अमेरिकन तरुणाच्या दुर्दैवाने. त्याचे नाव हेन्री मोलेसन. झटक्यांनी तो इतका जेरीस आला होता की कारखान्यातले साधे कामही त्याला जमेना. १ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, स्कॉव्हिल या शल्यवैद्याने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे समुद्रघोडे बव्हंशी काढून टाकले. झटके पुष्कळ कमी झाले, पण त्या दिवसापासून हेन्रीला नवी गोष्ट लक्षात राहीना. समोरचे माणूस खोलीबाहेर जाऊन परत आले की ते नव्याने भेटले. ब्रेंडा मिलनर या विदुषीने त्याची वर्षानुवर्षे परीक्षा केली. तिला एक विलक्षण गोष्ट आढळली. आरशात पाहून रेघ काढण्याचे काम त्याला दिले, तर रोज त्याचा हात अधिक सफाईने चाले, पण हे काम आपण पूर्वी केले आहे हे त्याला मुळीच आठवत नसे. कामगाराला यात नवल वाटणार नाही. हात शिकतो तो वेगळ्या शाळेत. हेन्री २००८ साली वारला, तोवर जगाला तो केवळ दोन आद्याक्षरांनी ठाऊक होता.

म्हणजे जो भाग झटक्यांनी बहुधा दुखावतो, तोच नव्या आठवणींचे दार आहे. आणि वार्धक्यातील स्मृतिभ्रंशात जी जागा अगदी आरंभी ढासळू लागते, तीही हीच. अल्झायमर या जर्मन डॉक्टराचे नाव आपण विसराळूपणाच्या रोगामुळे ऐकतो. त्याने १९०६ साली ट्युबिंगेन येथे एका स्त्रीच्या मेंदूतील गाठी आणि साचलेला गाळ यांचे वर्णन केले. त्याच अल्झायमरने त्याआधी, १८९८ साली, अपस्माराच्या मेंदूवर लेखन केले होते. एकाच माणसाच्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही आजार येऊन गेले. पुढे मात्र त्यांच्या वाटा फुटल्या, डॉक्टर वेगळे झाले, आणि मधला बांध उंच होत गेला.

तो बांध गेल्या काही वर्षांत खचला. २००७ साली स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी वापरतात त्या उंदरांच्या मेंदूत बाहेरून न दिसणारे झटके आढळले. २०१७ साली अल्झायमरच्या दोन रुग्णांत समुद्रघोड्याजवळ तारा ठेवून पाहिले, तेव्हा झोपेत तेथे झटके येत होते, आणि डोक्यावर लावलेल्या नेहमीच्या तारांना त्यांचा पत्ता नव्हता. मेंदूच्या पेशी जितक्या अधिक धडधडतील तितका तो गाळ अधिक सुटतो, आणि तो गाळ पेशींना पुन्हा चिथावतो. वाट दोन्हीकडून चालू आहे. अपस्मार असलेल्यांना उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांहून दुप्पट किंवा त्याहून अधिक आढळतो, आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांना झटके येण्याचा धोकाही वाढलेला असतो. शिवाय दोहोंना खतपाणी घालणारे तिसरे कारण आहेच: रक्तदाब, मधुमेह आणि पक्षाघात. म्हातारपणी पहिल्यांदाच झटके सुरू होतात त्यांत पक्षाघाताचा वाटा मोठा असतो.

पण याचा अर्थ ज्याला लहानपणी फेफरे आले त्याची बुद्धी जाणारच, असा कोणी करील तर तो रत्नागिरीच्या वहीकडे परत गेला. धोका वाढणे आणि नशिबी लिहिलेले असणे यांत फरक आहे. झटक्याच्या औषधाने स्मृतिभ्रंश बरा होतो असेही नाही. २०२१ साली अशा एका औषधाच्या छोट्या परीक्षेचा निकाल आला. सरसकट सर्वांना गुण आला नाही. ज्यांच्या मेंदूत छुप्या झटक्यांच्या खुणा होत्या, त्यांना काही कामांत थोडा गुण दिसला.

आता कायद्याविषयी, कारण ते माझे क्षेत्र. १९५५ च्या मूळ हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे नाव नव्हते. १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्मार घालण्यात आला. दुनियाभर औषधे मिळू लागल्यानंतर जुन्या इस्पितळाच्या कोष्टकातला रकाना असा संसदेच्या कायद्यात शिरला. तो १९९९ मध्ये काढला गेला.

ती मधली २३ वर्षे मला पुस्तकावरून ठाऊक नाहीत. १९९७ साली एका काजू कारखान्यात बी फोडणाऱ्या एका मुलीला कामावर झटका आला. मालक म्हणाला, यंत्राशी ही नको. मी वाटाघाटीला बसलो आणि तिला पै न् पैचा हिशेब मिळवून दिला. त्या संध्याकाळी मी विजयी वीरासारखा घरी गेलो. सोलाईच्या किंवा निवडीच्या टेबलावर तिला बसविता आले असते, तेथे ना पाते ना वाफ, हे मला सुचलेच नाही. पुढे तिचे ठरलेले लग्न मोडले. मुलाकडच्यांनी आमच्याच कचेरीतून कायद्याचे पुस्तक नेऊन कलम दाखविले. पुस्तक मीच काढून दिले होते.

आजही २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात जुनाट मज्जाविकारांची जी नावे दिली आहेत त्यांत कंपवात आहे, अपस्मार नाही. कामावरून काढताना तो रोग मोठा ठरतो, दाखला मागताना लहान. २०२२ साली जागतिक आरोग्य परिषदेने अपस्मार आणि इतर मज्जाविकार यांचा एकत्र असा दहा वर्षांचा कार्यक्रम मंजूर केला. आमच्या बाजूने त्याचा पाठपुरावा करावयाचा आहे.

म्हातारबाबांना मुलाने बांबोळीला नेले. टेबलापाशी पाहिलेले ते दीड-दोन मिनिटांचे थांबणे हा विसराळूपणा नव्हता, तो झटकाच होता, असे तेथे ठरले. औषध सुरू झाले. हल्ली ते थांबणे क्वचित होते. जे हरवले ते सगळे परत आलेले नाही. नातवंडांच्या नावांची अदलाबदल होते. पण रापण ओढताना दोराचे टोक हातात दिले की ते अजून मोजून पावले टाकतात. परवा किनाऱ्यावर भेटले. आधी माझे नाव विचारले, मग पेन्शनच्या अर्जाचे काय झाले ते विचारले. अर्ज अजून मंजूर व्हावयाचा आहे.