ठिणगीची काळी डबी

"सीडीआय गेलाय. कंपनीचा टाकायचा का लोकल?"

अंबड, परतूर, भोकरदन, मंठा... जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी टू-व्हीलर गॅरेजसमोर थोडा वेळ उभं राहा, हा प्रश्न कानावर पडतोच. गाडी ढकलत आणणारा माणूस दुधाचे कॅन घेऊन निघालेला असतो, नाहीतर मोसंबीच्या बागेतून मोंढ्याकडे. त्याला उत्तर लगेच द्यायचं असतं, कारण खोळंबा परवडत नाही. प्रश्न साधा पैशांचा वाटतो. पण तो विचारण्याची वेळ यायला शंभर वर्षं लागली. मोटरसायकलची ठिणगी आधी उघडी होती, मग ती बंद डबीत गेली आणि मग त्या डबीला पर्याय आला. गाडीचं आपण काय दुरुस्त करू शकतो आणि काय फक्त बदलू शकतो, हे या प्रवासात ठरत गेलं.

उघडी ठिणगी

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं गेलं की नेमक्या क्षणी ते पेटवावं लागतं. प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून ठिणगी उडवायला दहा-वीस हजार व्होल्ट लागतात. गाडीची बॅटरी सहा किंवा बारा व्होल्टची. हे अंतर कसं पार करायचं, हा इग्निशनचा मूळ प्रश्न.

जर्मनीत रॉबर्ट बॉश यांनी १८८७ मध्ये एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला आणि १८९७ मध्ये तो वाहनावर बसवला. चुंबकाच्या मदतीनं वीज तयार करायची, म्हणजे बॅटरीची गरजच नाही. १९०२ मध्ये त्यांचेच इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी जास्त व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि त्याला जोडणारा प्लग तयार केला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांची पॉइंट आणि कॉइलची पद्धत १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींत आली. पुढची सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक गाड्या याच दोन कल्पनांवर चालल्या. आपल्याकडची राजदूत, येझदी आणि बुलेटही त्यातल्याच.

पॉइंट म्हणजे धातूचे दोन छोटे तुकडे, एकमेकांना टेकलेले. ते टेकलेले असताना कॉइलमधून करंट वाहतो. इंजिन फिरताना एक कॅम त्यांना अचानक दूर करतो, करंट तुटतो आणि त्या तुटण्याच्या धक्क्यानं कॉइलच्या दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्ट उभे राहतात. पॉइंटवरच ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून शेजारी एक कंडेन्सर.

तरीही पॉइंट जळायचे, झिजायचे, त्यांच्यातली फट बदलायची. ही फट मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश. ती बिघडली की गाडी किक मारून मारून घामाघूम करायची. पण हा बिघाड डोळ्यांना दिसायचा. झाकण काढलं की काळे पडलेले पॉइंट समोर. काचपेपर फिरवायचा, फिलर गेजनं फट लावायची, गेज नसेल तर ब्लेडचं पातं वापरायचं. कंडेन्सर गेला असेल तर पॉइंटवर उडणाऱ्या मोठ्या ठिणगीवरूनच कळायचं. हे काम मिस्त्रीला यायचं आणि मिस्त्रीजवळ चार वेळा उकिडवं बसलेल्या मालकालाही यायचं.

जपान आणि वाळूज

१ मे १९८१ ला औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला. पुढच्याच चार-पाच वर्षांत भारतातली मोटरसायकल पूर्णपणे बदलली. सरकारनं दुचाकी उद्योगाला परदेशी कंपन्यांशी भागीदारीची वाट मोकळी केली आणि १०० सीसीच्या जपानी तंत्राच्या गाड्या एकामागून एक आल्या: १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, पाठोपाठ कावासाकी बजाज केबी १००.

त्याच १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते औरंगाबादजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. तो सोळा महिन्यांत उभा राहिला होता. मराठवाड्यासाठी ही मोठी घटना होती. कारखान्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. १९९० च्या सुमारास वाळूजमध्येच प्लॅस्टिकच्या भागांपासून सुरुवात करणारी व्हेरॉक पुढं मॅग्नेटो आणि सीडीआयही बनवू लागली. जालन्यात बंद पडणाऱ्या गाडीची ठिणगी बनवणारा उद्योग आता शंभर किलोमीटरच्या आत होता.

डबीच्या आत काय असतं

या नव्या गाड्यांबरोबर सीडीआय सर्वत्र झाला. कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन हे त्याचं पूर्ण नाव. कल्पना मात्र जुनी. निकोला टेस्ला यांना कपॅसिटरमधून ठिणगी देण्याच्या पद्धतीचं अमेरिकन पेटंट १८९८ मध्येच मिळालं होतं. पण त्यासाठी लागणारा झटपट स्विच त्या काळी यांत्रिकच होता. सेमीकंडक्टर आल्यावर ती व्यवहारात आली, आणि १९६९ च्या कावासाकी एच-१ सारख्या मोटरसायकलींनी ती रस्त्यावर गाजवली.

तत्त्व पाण्याच्या टाकीसारखं आहे. मॅग्नेटोची एक कॉइल कपॅसिटरमध्ये दोन-तीनशे व्होल्टचा साठा भरते. मॅग्नेटोजवळची दुसरी छोटी कॉइल, जिला आपण पिकअप किंवा पल्सर कॉइल म्हणतो, चुंबक समोरून गेला की इशारा देते. इशारा मिळताच एससीआर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच उघडतो आणि सगळा साठा एकदम इग्निशन कॉइलमध्ये ओततो. तिथून हजारो व्होल्ट प्लगवर. घासणारे पॉइंट नाहीत, म्हणून झीज नाही. वर्षानुवर्षं कुणाला काही करावं लागत नाही.

मात्र ज्या दिवशी काही करावं लागतं, त्या दिवशी कुणालाच काही करता येत नाही. कारण हे सर्किट कडक रेझिनमध्ये ओतून बंद केलेलं असतं. यात कट शोधायचं कारण नाही. इंजिनाचा थरथराट, उष्णता, पावसाचं पाणी आणि मराठवाड्याची धूळ यांपासून वाचायचं तर सर्किट असंच गाडावं लागतं. आत गेलेला भाग कदाचित दहा-वीस रुपयांचाही असेल, पण तो गाठायचा म्हणजे सगळं फोडायचं. मी रोज ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो त्यात सोर्स कोड हाती नसला की जी अवस्था होते, तीच इथे मिस्त्रीची झाली. आत काय जातं आणि बाहेर काय येतं एवढंच त्याला तपासता येतं. मधलं सगळं अंधारात.

दुरुस्ती हा शब्द इथे मागे पडला आणि "बदलून टाका" आलं. बदलायचं म्हटलं की किंमत भाग विकणारा ठरवतो.

तिसरा रस्ता

आफ्टरमार्केट भाग ही या कोंडीवर बाजारानं काढलेली वाट. गॅरेजमध्ये "लोकल" या एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात.

पहिली, खुद्द पुरवठादारांचा माल. मोटरसायकल कंपन्या सहसा सीडीआय स्वतः बनवत नाहीत. १९८४ मध्ये जपानच्या कोकुसान डेंकीबरोबर सुरू झालेली इंडिया निप्पॉन इलेक्ट्रिकल्स किंवा आपली व्हेरॉक यांसारख्या कंपन्या वाहन कारखान्यांना भाग पुरवतात आणि आपल्या नावानं खुल्या बाजारातही विकतात. दुसरी, स्वतंत्र उत्पादकांचे भाग, जे दिल्लीच्या करोल बागसारख्या बाजारांतून देशभर पोचतात. आपलं नाव उघडपणे छापून विकलेला असा भाग पूर्ण कायदेशीर असतो. दर्जा चांगला, बरा किंवा सुमार, काहीही असू शकतो. तिसरी, डुप्लिकेट. दुसऱ्याच्या नावाचा खोटा खोका. हा गुन्हा आहे, आणि त्यामुळे सर्वांत जास्त नुकसान पहिल्या दोघांचं होतं. गिऱ्हाईक एकदा फसलं की ते सगळ्याच स्वस्त भागांना खोटं समजायला लागतं.

मग प्रामाणिक पण स्वस्त डबी चालेल की नाही, हे कशावर ठरतं? मुख्यतः टायमिंगवर. मिश्रण पेटून दाब तयार व्हायला थोडा वेळ लागतो. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर एका मिलिसेकंदात क्रँक ९ अंश फिरतो. ६,००० फेऱ्यांना तोच ३६ अंश फिरतो. म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी. किती आधी, हे सीडीआय ठरवतो. २००३ च्या पल्सर डीटीएस-आयमध्ये दोन प्लग आले आणि सीडीआयमध्ये मायक्रोप्रोसेसर आला. म्हणजे डबीत आता एक छोटा प्रोग्रॅमच होता. नक्कल करणाऱ्यानं कनेक्टर तंतोतंत जुळवला आणि हा नकाशा चुकवला, तर गाडी सुरू होते, पण ओढत नाही, तापते, जास्त पेट्रोल पिते. मालकाचे वाचलेले पैसे महिनाभरात पंपावर जातात.

दुसरी बाब विजेच्या प्रकाराची. एसी सीडीआय थेट मॅग्नेटोवर चालतो, बॅटरी मेली तरी किक मारून गाडी सुरू होते. डीसी सीडीआय बॅटरीच्या बारा व्होल्टवर चालतो. एकाच्या जागी दुसरा बसत नाही, कनेक्टर सारखा दिसला तरीही. म्हणून "सगळ्या गाड्यांना चालतो" असं म्हणून दिलेली डबी घेण्याआधी गाडीचं मॉडेल, वर्ष आणि जुन्या डबीवरचा पार्ट नंबर जुळवून पाहणं हाच स्वस्तातला सर्वोत्तम उपाय.

आणि त्याच्याही आधी, सीडीआय खरंच गेलाय का? गाडी गार असताना चालते आणि तापली की बंद पडते, हे लक्षण पिकअप कॉइलचंही असतं. ठिणगी नसणं हे सैल अर्थिंगचं, कुजलेल्या कनेक्टरचं किंवा किल स्विचचंही असतं. रेग्युलेटर बिघडून जास्त व्होल्टेज सोडत असेल, तर नवा डीसी सीडीआयही जुन्याच्याच वाटेनं जाईल. जाणता मिस्त्री आधी प्लग काढून, इंजिनाला टेकवून, किक मारून ठिणगी पाहतो. मग वायरिंग, मग पिकअप, आणि शेवटी त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा सीडीआय लावून खात्री करतो. बंद डबीच्या जमान्यात त्याचं कौशल्य हातातून डोक्यात गेलं. काचपेपर फिरवणं संपलं, एकेक शक्यता वगळत जाणं सुरू झालं.

कुणाची गाडी, कुणाचा हक्क

हा प्रश्न कायद्यापर्यंतही गेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, हा ठपका होता. प्रकरण पुढं अपिलांत गेलं, पण गाडी विकल्यावरही तिच्या दुरुस्तीवर कंपनीचीच मक्तेदारी असावी का, हा प्रश्न पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं विचारला गेला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिनं निवडलेल्या क्षेत्रांत मोबाईल आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहनं आणि शेतीची अवजारंही आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. मोटरसायकलच्या भागांवर तो आधी २८ होता.

दरम्यान डबी आणखी बंद झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आलं. ठिणगी आणि पेट्रोल दोन्हींचा हिशेब आता ईसीयू करतो. धूर कमी झाला, ते चांगलंच आहे. पण ईसीयू ही सीडीआयसारखी खोक्यातून काढून लावायची वस्तू नाही. बिघाडाचा कोड वाचायला स्कॅनर लागतो आणि काही भाग बदलल्यावर सॉफ्टवेअरलाही ते सांगावं लागतं. ती साधनं फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे राहिली, तर घनसावंगी किंवा जाफराबादच्या खेड्यातल्या माणसाला दुरुस्तीसाठी जिल्ह्याचं ठिकाण गाठावं लागेल, तेही बंद गाडी टेम्पोत घालून.

राजदूतच्या काळात दुरुस्ती येणं हा गाडी वापरण्याचाच भाग होता, त्यासाठी वेगळा हक्क मागावा लागत नव्हता. सीडीआयनं ते काढून घेतलं. आफ्टरमार्केटनं त्यातलं अर्धं परत दिलं. आत पाहता आलं नाही, तरी कुणाची डबी लावायची हे मालकाला ठरवता आलं. "कंपनीचा का लोकल?" या प्रश्नाची खरी किंमत इथे आहे. उत्तर कधी कंपनीचा असेल, कधी चांगल्या नावाचा दुसरा. पण प्रश्न विचारता येतो म्हणजे पर्याय शिल्लक आहे. आज रस्त्यावर असलेल्या बीएस-६ गाड्या पंधरा वर्षांच्या होतील तेव्हा त्यांच्या ईसीयूबद्दलही तो विचारता यावा, याचे नियम आत्ता लिहिले जात आहेत. तेव्हा त्या गाड्या चालवत असणारे बहुतेक जण आज तुमच्या-माझ्या वयाचे आहेत.