लाटांवरील पहारा

समुद्राच्या कांठीं राहणाऱ्या माणसानें दिवसाउजेडीं समुद्रांत उतरावें आणि तो अपराध ठरावा, ही गोष्ट आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ऑस्ट्रेलियांत सिडनीच्या आसपास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत असाच निर्बंध होता. उघड्या समुद्रावर स्नान करावयाचें तें पहांटे किंवा रात्रीं. १९०२ सालीं मॅनली येथील विल्यम गोचर नांवाच्या एका संपादकानें आगाऊ जाहीर करून भर दिवसा हा निर्बंध मोडला. त्याच्या नांवाचा डंका जरा अधिकच वाजला असें म्हणणारेहि आहेत. तें कसेंहि असो. पुढच्याच वर्षीं मॅनलीच्या नगरपालिकेनें गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झांकण्याच्या अटीवर दिवसभर स्नानाची मोकळीक दिली.

निर्बंध सुटला, पण पोहणें कोणाला येत होतें? फुटलेल्या लाटांचें पाणी जेथून परत फिरतें, तेथें समुद्राकडे ओढणारा जोरदार प्रवाह असतो. त्यांत माणसें सांपडूं लागलीं, तेव्हां नित्य स्नानास येणाऱ्या तरुणांनींच बिनमोल पहाऱ्याच्या मंडळ्या काढल्या. पहिली मंडळी बाँडायची कीं ब्राँटेची, हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. १८ ऑक्टोबर १९०७ रोजीं मात्र या सर्वांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली.

त्या काळीं त्यांचें मुख्य साधन म्हणजे लांब दोर गुंडाळलेला एक रहाट होता. कमरेस पट्टा बांधून एकानें पोहत जावयाचें, बुडत्यास धरावयाचें, आणि कांठावरील सोबत्यांनीं दोघांस ओढून घ्यावयाचें. ६ फेब्रुवारी १९३८ च्या रविवारीं बाँडाय येथें लागोपाठ आलेल्या प्रचंड लाटांनीं वाळूच्या उंचवट्यावर उभे असलेले सुमारें २५० लोक खोल पाण्यांत ओढून नेले. सुदैवानें पोहण्याच्या शर्यतीकरितां मंडळाचे पुष्कळ सभासद तेथें जमले होते. पांच माणसें दगावलीं, बाकीचीं वांचलीं.

या मंडळांची होडीहि मूळची जीव वांचविण्यासाठींच. शर्यती मागाहून आल्या. चौघे वल्हेकरी आणि पाठीमागें लांब वल्ह्यानें दिशा देणारा एक उभा सुकाणूवाला. जातांना वल्हेकऱ्यांची तोंडें किनाऱ्याकडे असतात. अंगावर येणारी लाट एकट्या सुकाणूवाल्यास दिसते. थांबावें कीं जोर करावा, हें त्यानें सांगावें आणि चौघांनीं मागें न पाहतां मानावें. आमच्या कोंकणांतील कोळ्यांस हा विश्वास नवा नव्हे. परततांना तीच लाट वाहन होते. तिच्यावर होडी चढली कीं नाळ पाण्यांत रुतूं नये म्हणून वल्हेकरी झटकन् मागच्या बाजूस सरकतात. जरा चूक झाली तर होडी आडवी होऊन सगळेच पाण्यांत.

एवढ्या उदार संस्थेनें स्त्रियांना पहाऱ्याचा पूर्ण अधिकार दिला तो १९८० सालीं, म्हणजे स्थापनेनंतर ७३ वर्षांनीं. ज्या समुद्रावर एके काळीं सभ्यतेच्या नांवानें सर्वांसच दिवसा मज्जाव होता, तेथें आतां स्त्रियांच्या होड्याहि त्याच लाटांतून बोयाला वळसा घालून येतात.